मागच्या डिफ्रन्शियलचा ऊंऊं आवाज : कुठून येतोय ते कसं ओळखायचं आणि खोलायचं का?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. गाडी डिझेल, २०११ची, ड्राइव्ह मागच्या चाकांना, मागे सरळ एक्सल, त्याच्या मधोमध डिफ्रन्शियल (इंजिनची ताकद दोन्ही मागच्या चाकांना वाटणारे गियर), आणि पाट्यांच्या स्प्रिंग. दीड लाख किलोमीटर कधीच ओलांडलेत. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, नाहीतर धागा ब्रँडच्या भांडणात जातो, आणि हा प्रश्न मागच्या एक्सलच्या कुठल्याही गाडीला सारखाच आहे.

तर ५५ ते ७५च्या दरम्यान ॲक्सिलरेटर दाबलेला असताना मागून ऊंऊं असा आवाज येतो, दूर कुठंतरी पिठाची गिरणी चालू असल्यासारखा. पाय सोडला की तो सूर जातो, पण उतारावर गाडी गियरमध्ये सोडली की दुसराच आवाज येतो, जाड, घरघर टाइप. पावसाळ्याआधी गाणी लावली की ऐकू यायचा नाही, आता मागच्या सीटवरच्या माणसाला बोलायला आवाज चढवावा लागतो. कराडात एकाने सांगितलं टायर, दुसऱ्याने गाडी न उचलताच सांगितलं क्राउन पिनियन (डिफ्रन्शियलमधली मोठ्या-छोट्या गियरची जोडी) गेला, पूर्ण सेट टाका, पंचवीस-तीस हजार धरा. न बघता एवढा आकडा सांगितला म्हणून इथे विचारतोय. खोलायच्या आधी स्वतः काय काय तपासता येईल?

घाटवाला

दादा, खोलायचं नंतर. आधी टायर बाद करा, कारण टायरचा आवाज आणि डिफ्रन्शियलचा आवाज यात भलेभले फसतात. टायर रस्त्याप्रमाणे सूर बदलतो, डिफ्रन्शियलला रस्त्याशी देणंघेणं नाही. सिमेंटच्या रस्त्यावर पाणी निघून जायला आडव्या खाचा मारलेल्या असतात, त्यावर कुठलीही गाडी गुणगुणते, म्हणून सिमेंटवर ऐकून काही ठरवू नका. चांगल्या गुळगुळीत डांबरावर ऐका, मग खडबडीत डांबरावर त्याच स्पीडला ऐका. तोच आवाज तसाच राहिला तर टायर सुटला.

अजून एक, चारही टायरवरून तळहात फिरवा, एकदा पुढून मागे आणि एकदा मागून पुढे. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवत लागली तर टायर खाल्लेला आहे, तो आवाज करणारच. मागचे पुढे, पुढचे मागे करून बघा, आवाजाची जागा हलली तर उत्तर मिळालं. यात पैसे शून्य आणि वेळ तासभर.

चाकणचा_डिझायनर

घाटवाल्यांचं बरोबर, त्यात भर घालतो. मी गियरच्या डिझाइनमध्ये काम करतो, त्यामुळे जरा लांब लिहीन, सांभाळून घ्या.

तीन अवस्था वेगवेगळ्या ऐकायच्या. एक, इंजिन गाडीला ओढतंय, म्हणजे ॲक्सिलरेटर दाबलेला. दोन, गाडी इंजिनला ओढतेय, म्हणजे गियरमध्ये असताना पाय सोडलेला. तीन, मधली अवस्था, सपाट रस्त्यावर स्पीड ना वाढतोय ना कमी होतोय इतपतच पाय. क्राउन आणि पिनियनचे दात पहिल्या अवस्थेत एका बाजूने टेकतात, दुसऱ्या अवस्थेत दुसऱ्या बाजूने. म्हणून दातांचा आवाज लोडप्रमाणे बदलतो. चाकाच्या बेरिंगचा आवाज लोडप्रमाणे फारसा बदलत नाही, तो स्पीडप्रमाणे आणि वळणावर बदलतो.

पिनियनला दोन टेपर बेरिंग असतात, एक आत दातांजवळ, एक बाहेर फ्लँजजवळ, म्हणजे गियरबॉक्सकडून येणारा लांब प्रोपेलर शाफ्ट जिथे जोडतात तिथे. इंजिन ओढत असताना पिनियन क्राउनपासून लांब ढकलला जातो, तो रेटा आतलं बेरिंग घेतं. पाय सोडला की पिनियन क्राउनकडे आत खेचला जातो आणि रेटा बाहेरच्या बेरिंगवर येतो. म्हणजे फक्त पाय सोडल्यावरच आवाज येत असेल तर बाहेरचं बेरिंग किंवा पिनियनचा नट ढिला, हा पहिला संशय. तुमचा दोन्हीकडे येतोय आणि दोन वेगळे सूर आहेत, म्हणून मला पिनियनच्या दोन्ही बेरिंगांवर शंका आहे. क्राउन पिनियन गेलाच असं आत्ता कोणीही म्हणू नये.

आता मोबाइलवर एखादं फुकटचं ध्वनी स्पेक्ट्रम दाखवणारं ॲप घ्या. तुमच्या गाडीचा रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला पिनियन किती फेरे मारतो, माहीत आहे का? एक्सलच्या टॅगवर किंवा मॅन्युअलमध्ये असतो. उदाहरणाला ४.१ धरू, क्राउनला ४१ दात, पिनियनला १०. टायरचा घेर साधारण २.२ मीटर. ६०च्या स्पीडला गाडी सेकंदाला १६.७ मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला साधारण ७.६ फेरे मारतं. गुणिले ४१, म्हणजे दात एकमेकांना सेकंदाला ३१० वेळा भिडतात. ॲपमध्ये ६०ला ३१० हर्ट्झच्या आसपास टोक दिसलं आणि ८०ला ते ४१५च्या आसपास सरकलं, तर आवाज क्राउन-पिनियनच्या दातांतूनच येतोय. गाडी शेजारच्याने चालवायची, मोबाइल मागच्या सीटखाली ठेवायचा, आणि चालवताना चालवणाऱ्याने मोबाइलकडे अजिबात बघायचं नाही.

कोयनाकाठ

खूप धन्यवाद. सगळं करून आलो. टायर पुढचे मागे केले, काही फरक नाही. हायवेला डांबरावर आणि आतल्या खडबडीत रस्त्यावर आवाज एकच. कुंभार्ली घाटातही ऐकलं, चिपळूणकडे उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गियरमध्ये घरघर स्पष्ट, परत चढताना ऊंऊं स्पष्ट. वळणावर डावीकडे-उजवीकडे फरक जाणवला नाही.

रेशो माझाही ४.१ निघाला. ॲपमध्ये ६०ला टोक तीनशेच्या थोडं वर, ८०ला चारशेच्या वर. घरघर मात्र ॲपमध्ये एका जागी दिसत नाही, सगळीकडे पसरलेली आहे. आणि एक गोष्ट आज पहिल्यांदा बघितली, पिनियनच्या फ्लँजभोवती हाउसिंग (डिफ्रन्शियलचं बाहेरचं कवच) तेलकट आहे, त्यावर धूळ बसून चिखल झालाय.

सोलापुरी_फिटर

पसरलेली घरघर म्हणजे बेरिंग, एका जागी टोक म्हणजे दात, डिझायनरसाहेब बरोबर ना? आणि तेलकट फ्लँज बघितल्यावर अर्धी गोष्ट मला कळली. सील (तेल अडवणारी रिंग) गेलंय, तेल हळूहळू कमी झालंय, बेरिंग कोरडं चाललंय, पिनियन डुलायला लागलाय, म्हणून चांगल्या दातांचाही सूर बदललाय. आमच्याकडे येणाऱ्या दहातल्या बऱ्याच गाड्यांची हीच कहाणी.

आता हे करा. गाडी सपाट जागेवर. आधी वरचा तेल भरायचा प्लग ढिला होतो का ते बघायचं, खालचा नंतर. लोक आधी खालचा खोलून तेल सांडून टाकतात आणि मग वरचा गंजलेला प्लग फिरतच नाही, गाडी तिथंच उभी. वरच्या भोकात बोट घालून बघा, तेल भोकाच्या खालच्या काठाला लागलं पाहिजे. बोट वाकवूनही लागलं नाही तर तेल बरंच कमी आहे.

मग एक्सलच्या नळीवर वरच्या अंगाला एक छोटी टोपी असते, ब्रीदर म्हणतात तिला. ती बोटाने फिरते का, हवा जाते का ते बघा. एक्सल गरम झाला की आतली हवा फुगते, तिला जायला हीच वाट. ब्रीदर चिखलाने बंद झाला की तीच हवा तेल सीलमधून बाहेर ढकलते. नवीन सील टाकलं आणि ब्रीदर तसाच ठेवला तर महिन्याभरात परत गळती.

रानवाट

माझा अनुभव वेगळा. माझ्या जुन्या गाडीला असाच आवाज होता, १४० नंबरचं जाड तेल टाकलं, आवाज निम्मा झाला, गाडी अजून चालतेय. पाचशे रुपयांत काम. उगाच खोलाखोल कशाला?

सोलापुरी_फिटर

रानवाट भाऊ, राग मानू नका, पण ते औषध नाही. जाड तेलाने आवाज दबतो, बेरिंग खाल्लेलं तसंच राहतं. पूर्वी गाडी विकणारे हाउसिंगमध्ये लाकडाचा भुसा टाकायचे, आवाज गायब, घेणारा खूश, नंतर तो भुसा तेलाच्या वाटा बुजवून सगळंच खायचा. जाड तेलही तसं दिशाभूल करतं. आवाज हा आपल्याला मिळालेला इशारा आहे, तो ऐकू येतोय तोवर काम स्वस्तात होतं. पिनियनचं बेरिंग पूर्ण गेलं की पिनियन पुढे-मागे होतो, दात तुटतात, एक तुकडा मध्ये अडकला की मागची चाकं जाम. घाटात जाम झाली तर काय होईल याचा विचार करा.

चाकणचा_डिझायनर

फिटरसाहेबांना पूर्ण अनुमोदन. तेलाबद्दल थोडं सांगतो, कारण इथे सगळ्यात जास्त चुकीचं तेल पडतं.

बहुतेक अशा गाड्यांचे क्राउन-पिनियन हायपॉइड असतात. म्हणजे पिनियनचा अक्ष क्राउनच्या मध्यातून जात नाही, थोडा खाली असतो. अमेरिकेतल्या ग्लीसन कंपनीने १९२५ मध्ये हे दात आणले आणि १९२६ मध्ये पॅकार्डने ते गाडीत घातले. फायदा असा की प्रोपेलर शाफ्ट खाली जातो, गाडीचा तळ खाली आणता येतो, पिनियन जाडजूड होतो आणि आवाज कमी होतो. तोटा असा की दात एकमेकांवर नुसते गडगडत नाहीत, घासत सरकतात. त्या घासण्यात साधं तेल पिळून बाहेर जातं आणि धातूला धातू लागतो. म्हणून या तेलात गंधक आणि फॉस्फरसची संयुगं घालतात, ती गरम होऊन दातावर पातळ थर धरतात आणि दात वाचतात. गियर ऑइलला तो उग्र वास येतो तो गंधकाचाच.

म्हणून हायपॉइडला जीएल-५ दर्जाचं तेल लागतं. जीएल-४ मध्ये ही संयुगं कमी असतात, ते गियरबॉक्ससाठी ठीक. उलट जीएल-५ सरसकट गियरबॉक्समध्येही टाकू नका, तिथल्या पितळी रिंगांना काही जीएल-५ तेलं मानवत नाहीत. ग्रेड मॅन्युअल सांगेल तोच, पुष्कळ गाड्यांना ८० डब्ल्यू ९० किंवा ८५ डब्ल्यू १४०. ज्या गाडीला कंपनीनेच १४० सांगितलंय तिला १४० बरोबरच आहे, रानवाट यांच्या गाडीला तेच सांगितलेलं असेल तर प्रश्नच नाही. पण आवाज दाबायला म्हणून ग्रेड बदलायचा नाही.

कोयनाकाठ

फोटो टाकता येत नाहीये, लिहूनच सांगतो. बोट वाकवून आत घातलं तरी तेल लागलं नाही. ब्रीदरची टोपी चिखलाने जाम, फिरतच नव्हती. खालच्या प्लगच्या चुंबकावर काळी मऊ पेस्ट होती, ती बोटाने चोळली तर त्यात बारीक कण टोचले, आणि दोन-तीन पातळ चकत्या नखाएवढ्या नाहीत पण डोळ्याला दिसतील एवढ्या. तेल काळं, पाणी नाही. प्रोपेलर शाफ्ट काढून फ्लँज हाताने वर-खाली हलवला तर किंचित खट् असं वाजतं.

नट आवळून तो प्ले (ढिलेपणा) काढता येईल का? गॅरेजवाला तेच म्हणतोय.

सोलापुरी_फिटर

नाही. नाही. नाही. त्या नटला हात लावू देऊ नका.

नुसती मऊ पेस्ट असती तर मी म्हणालो असतो तेल बदला आणि चालवा, तेवढी झीज सगळ्यांत होते. चकत्या आल्या म्हणजे बेरिंगच्या रोलरचा किंवा कपचा (बाहेरच्या रिंगचा) पापुद्रा सुटतोय. आणि फ्लँज वर-खाली हलतोय म्हणजे प्रीलोड, बेरिंगांना मुद्दाम दिलेला ताण, पूर्ण गेलाय. फ्लँज गोल फिरवताना थोडा रिकामा फिरतो, तो दातांमधला बॅकलॅश, तो असायलाच हवा. वर-खाली मात्र केसभरही हलायला नको. हा फरक लक्षात ठेवा.

आता नट का नाही आवळायचा. पुष्कळ गाड्यांत दोन बेरिंगांच्या मध्ये एक पातळ नळी असते, नट आवळला की ती दबते आणि दबून बेरिंगांना ठरावीक ताण देते. एकदा दबली की ती परत फुगत नाही. खाल्लेल्या बेरिंगवर नट आवळला की प्ले दिसेनासा होतो, दोन दिवस गाडी शांत, मग बेरिंग तापून निळं पडतं. आणि जास्त आवळला गेला म्हणून नट उलटा फिरवून ढिला केला तर नळी सैल, प्रीलोड शून्य. जास्त दबली की नवीन नळी, याला दुसरा रस्ता नाही. काही हाउसिंगमध्ये नळीच्या जागी ठोस स्पेसर आणि शिम (मापाच्या पातळ चकत्या) असतात, तिथे हिशोब वेगळा, पण आवळून प्ले काढणं तिथेही चुकीचंच.

भातखाचर

मी चिपळूणची. २२ जुलै २०२१च्या पुरात आमची गाडी मागच्या सीटपर्यंत पाण्यात होती, त्यामुळे हा धागा अगदी जवळचा वाटला. पाणी ओसरल्यावर सगळे इंजिनच्या मागे लागले, मागच्या एक्सलकडे कोणी बघितलं नाही. खालचा प्लग काढला तर चहात दूध घालावं तसं तेल निघालं. ते दोनदा बदललं, ब्रीदर धुतला, तरी वर्षाच्या आत उजव्या मागच्या चाकातून आवाज यायला लागला. आमचा आवाज लोडप्रमाणे बदलत नव्हता, डावीकडे वळण घेतलं की वाढायचा, उजवीकडे घेतलं की कमी व्हायचा. डाव्या वळणाला वजन उजव्या चाकावर जातं, म्हणून उजवं बेरिंग. एक्सल ओढून काढला, प्रेसवर जुनं बेरिंग आणि कॉलर कापून नवं बसवलं, आतलं सीलही बदललं. सील गळत होतं आणि तेल ब्रेकच्या ड्रममध्ये उतरलं होतं, लायनर भिजले होते, ते पण बदलावे लागले. हे सांगायचं कारण, कोकणात ज्यांच्या गाड्या पाण्यातून गेल्यात त्यांनी आवाजाची वाट बघू नका, एक्सलचं तेल लगेच काढून बघा.

घाटवाला

ताई, फार उपयोगी लिहिलंत. अजून एक भर, सरळ रस्त्यावर काहीच आवाज नाही आणि फक्त घट्ट वळणावर, पार्किंगमध्ये वगैरे, कटकट येत असेल तर आतले छोटे गियर, स्टार आणि सन, किंवा त्यांचे वॉशर. सरळ चालताना ते एकमेकांवर फिरतच नाहीत, दोन्ही चाकं सारखीच फिरतात ना, त्यामुळे ते वळणावरच बोलतात. गियर टाकून क्लच सोडताना एकच खट् वाजत असेल तर आधी प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (टोकाचे सांधे) बघा, तेवढ्या स्वस्त भागासाठी लोक डिफ्रन्शियल खोलतात.

रानवाट

बरं, माझं १४०चं मत मागे ठेवतो. पण बेरिंग, सील, शिम, मजुरी सगळं धरून बघा, त्यापेक्षा जुन्या बाजारातून, कुर्ल्यातून वगैरे, पूर्ण चालू असेंब्ली आणून बसवणं बरं नाही का? एका दिवसात गाडी रस्त्यावर.

सोलापुरी_फिटर

कधी कधी बरं असतं, खोटं नाही बोलणार. दात तुटलेत, हाउसिंग फुटलंय, कॅरिअर (ज्यावर क्राउन बसतो तो भाग) खाल्लाय, अशा वेळी मीच गिऱ्हाइकाला जुनी असेंब्ली सांगतो. पण घेताना रेशो तोच आहे का ते दात मोजून बघायचं, टॅगवर विसंबायचं नाही. रेशो बदलला की स्पीडोमीटर चुकतं, चढ ओढायची ताकद बदलते, आणि गाडी फोर बाय फोर असेल तर पुढचा-मागचा रेशो वेगळा झाल्यावर सगळी ट्रान्समिशन एकमेकांविरुद्ध ओढते, काहीतरी तुटतंच. आणि बाजारातल्या असेंब्लीचा आवाज बाजारात ऐकता येत नाही. या धाग्यातल्या गाडीचे दात अजून चांगले असतील असं मला वाटतंय, चांगले दात भंगारात टाकून परके दात आणायचे कशाला.

चाकणचा_डिझायनर

हाच मुद्दा महत्त्वाचा आहे. क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकत्र घासून जोडी करून निघतात, दोघांवर जुळणारा नंबर कोरलेला असतो. एकाचा क्राउन दुसऱ्याच्या पिनियनला कधी लावू नका. आणि दीड लाख किलोमीटर एकत्र चाललेली जोडी एकमेकांना सरावलेली असते. तिला नव्याच्या मापावर बसवायला गेलात तर उलट ओरडते. जुनी जोडी ठेवायची असेल तर ती जिथे होती तिथेच परत बसवायची.

म्हणून खोलण्याआधी मापं घ्या, हे सगळ्यात कळकळीने सांगतो. डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळ) क्राउनच्या दाताला टेकवून बॅकलॅश चार जागी घ्या. नव्या जोडीला पुष्कळ गाड्यांत ०.१३ ते ०.२० मिलीमीटर असतो, तुमचा आकडा मॅन्युअलमधून घ्या. चार जागी खूप वेगवेगळा आला तर क्राउन वाकडा बसलाय किंवा कॅरिअर डुलतोय. कॅरिअरच्या बेरिंगांवरच्या दोन्ही कॅपवर डावी-उजवी आणि वर-खाली खुणा ठोका, त्या हाउसिंगबरोबरच बोअर केलेल्या असतात, अदलाबदल चालत नाही. पिनियनखालची शिम मायक्रोमीटरने मोजा, जुन्या आणि नव्या बेरिंगची उंचीही मोजा, फरक असेल तेवढाच शिममध्ये फेडा.

कोयनाकाठ

सगळ्यांचं वाचून दाखवलं आणि कराडच्याच एका वयस्कर मिस्त्रींनी काम घेतलं, डायल गेज स्वतःचा होता हे बघून बरं वाटलं. गाडी घोडीवर, पुढच्या चाकांना मागून-पुढून लाकडं. जॅकवर असताना खाली कोणी गेलं नाही.

निघालं ते असं. पिनियनच्या बाहेरच्या बेरिंगच्या कपवर अर्ध्या भागात खड्डे, पापुद्रे सुटलेले, रोलरवर पण. चकत्या तिथल्याच. आतल्या बेरिंगला खड्डे नाहीत पण रोलरच्या अंतराने काळ्या रेघा. कॅरिअरची दोन्ही बेरिंगं फिरवताना खरखर. क्राउनचे ४१च्या ४१ दात शाबूत, कुठेही टवका नाही, ज्या बाजूवर लोड येतो तिथे चकाकी आणि थोडी झीज. बॅकलॅश खोलण्याआधी ०.२८ ते ०.३३. फ्लँज जिथे सीलमध्ये फिरतो तिथे नखाला लागेल एवढी खाच पडली होती, मिस्त्री म्हणाले याच्यावर नवीन सील टाकलं तरी गळणार.

ठरवलं, चारही बेरिंग, नवीन फ्लँज, सील, नळी, नट. क्राउन-पिनियन जुनाच.

सोलापुरी_फिटर

बरोबर केलंत. मिस्त्रींना माझा नमस्कार सांगा. आता पॅटर्न, म्हणजे दात कुठे टेकतात त्याचा ठसा, बघितल्याशिवाय बंद करू देऊ नका. क्राउनच्या चार-पाच दातांना दोन्ही अंगांनी पिवळा ऑइलपेंट पातळ लावायचा, क्राउनला लाकडाने थोडा अडसर देऊन पिनियन दोन्ही दिशांनी फिरवायचा. जिथे दात टेकतो तिथला रंग पुसतो. ठसा दाताच्या उंचीच्या मध्यात हवा. ठसा शेंड्याकडे चढला तर पिनियन लांब आहे, शिम वाढवा. मुळाशी उतरला तर पिनियन जास्त आत आहे, शिम कमी करा. लांबीत ठसा बाहेरच्या जाड टोकाला गेला तर बॅकलॅश जास्त, आतल्या बारीक टोकाला गेला तर कमी. शिम पिनियनच्या डोक्याखाली असलेल्या गाड्यांचा हा हिशोब आहे. जुन्या जोडीचा ठसा जुन्या चकाकीवर बसला की जिंकलं.

कोयनाकाठ

अगदी तसंच केलं. पहिल्यांदा बसवलं तेव्हा ठसा शेंड्याकडे निघाला, कारण नवीन आतल्या बेरिंगची उंची जुन्यापेक्षा जरा कमी होती. शिम ०.०५ने वाढवल्यावर ठसा मधोमध, आणि थेट जुन्या चकाकीवर. रंग पुसलेला तो लांबट डाग बघताना इतके दिवस इथे वाचत होतो ते डोळ्यांसमोर कळलं.

प्रीलोड मिस्त्रींनी कसा घेतला ते लिहितो, खूप जणांना उपयोगी पडेल. क्राउन आत बसवण्याआधी, नुसत्या पिनियनवर, फ्लँजला दोरी गुंडाळली आणि दोरीच्या टोकाला साधा स्प्रिंगचा ताणकाटा लावून सावकाश ओढला. फ्लँज फिरायला लागल्यावर सतत फिरत असतानाचा आकडा बघायचा, सुटतानाचा झटका धरायचा नाही. फ्लँजची त्रिज्या ५ सेंमी, काट्यावर ४ किलो, म्हणजे साधारण २ न्यूटन-मीटर, आमच्या मॅन्युअलमधल्या हद्दीत. नट थोडा थोडा आवळत, दर वेळी फिरवून बेरिंग बसवत, परत मोजत. त्या नळीला दाबायला किती जोर लागतो बाप रे, लांब पाइप लावून दोघं लोंबकळत होते, आणि शेवटच्या थोड्याशा वळणात काटा एकदम चढतो, तिथे घाई केली की नळी वाया.

चाकणचा_डिझायनर

वा! हे वाचून खरंच आनंद झाला. आतलं जुनं बेरिंग वापरलं असतं तर प्रीलोड नव्याच्या निम्म्याच्या आसपास ठेवायचा असतो, नव्याला पूर्ण, हे इतरांसाठी नोंदवतो. तुमची बेरिंगं नवीन आहेत म्हणून पहिल्या फेरीत वीसेक मिनिटं मध्यम स्पीडने चालवा, मग थांबून पूर्ण थंड होऊ द्या. पहिले ८०० किलोमीटर ओझं आणि ट्रेलर नको, मग तेल बदला, पहिल्या तेलात बारीक चुरा येतोच.

कोयनाकाठ

चालवून आलो. घरघर पूर्ण गेली, घाट उतरताना आता फक्त इंजिन ऐकू येतं. ऊंऊं नव्वद टक्के गेला. ६२ ते ६५च्या मध्ये, पाय अगदी हलका असताना, कान दिला तर अजून एक बारीक सूर आहे, खिडक्या बंद केल्या की जातो. दातांची झीज आहे तेवढा तो राहणार असं मिस्त्री आधीच म्हणाले होते. फ्लँज कोरडा, ब्रीदर नवीन. हाउसिंगला हात लावून बघितलं, गरम आहे पण हात ठेवता येतो. खर्च पहिल्या गॅरेजने सांगितलेल्याच्या निम्म्याहून कमी झाला. ८०० झाले की तेल काढून चुंबकावर काय येतं ते इथेच लिहितो.

रानवाट

तुमचं बघून मीही काल खालचा प्लग काढला. चुंबकावर चकत्या नाहीत, मऊ पेस्टच आहे, पण तेल १४० टाकलंय आणि मॅन्युअलमध्ये ८० डब्ल्यू ९० लिहिलंय. फ्लँज वर-खाली हलत नाही. आवाज पाय सोडला तरी तसाच राहतो, लोडचा फरक नाही. पुढे काय करू?

सोलापुरी_फिटर

भाऊ, मग क्राउन-पिनियनला हात लावायची गरज दिसत नाही. आधी तेल मॅन्युअलप्रमाणे करा, म्हणजे खरा आवाज ऐकू येईल. मग मोकळ्या मैदानात सावकाश डावीकडे आणि उजवीकडे लांब वळणं घेऊन बघा. कुठल्या बाजूला वाढतो ते लिहा, आणि चाक उचलून हाताने फिरवताना स्प्रिंगला तळहात लावून ठेवा, बेरिंग खडबडत असेल तर स्प्रिंगमध्ये लगेच जाणवतं. दोन्ही मागच्या चाकांचं वेगवेगळं सांगा.